भिकनआबांची डबल बेल

आमच्या कॉलनीत भिकनआबा घराबाहेर पडायचे असले की कुणीतरी काहीतरी दोनदा वाजवावं लागतं. काय वाजवायचं याला बंधन नाही. ताटली चालते, फाटकाची कडी चालते, दूधवाल्याच्या सायकलची घंटीही चालते. पण दोनदा. तोवर आबा पायात चपला, काखेत पिशवी आणि चेहऱ्यावर कमालीची शांती अशा अवस्थेत फाटकात उभे असतात. बाहेर रिक्षावाला घाई करत असला तरी ते हलत नाहीत. शेवटी आतून सुमनअक्का सांडशीनं ओट्यावर दोन ठोके देतात, टण टण, आणि आबा मार्गस्थ होतात.

आबांनी उभं आयुष्य एसटी चालवली. आधी धुळ्याला, मग जळगावला. कंडक्टरनं बेलची दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं, हा नियम त्यांच्या अंगात इतका भिनला की निवृत्तीच्या दिवशी त्यांनी गणवेश परत केला, पण नियम घरी घेऊन आले. "सर, बेलबिगर गाडी निंघत नही," असं ते मला समजावतात. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो म्हणून ते मला सर म्हणतात. माझे विद्यार्थीही म्हणतात, पण त्यांच्या म्हणण्यात एवढा आदर नसतो.

"ह्या मानूसनी मले बायको नही, कंडक्टर समजी लिधं शे," असं सुमनअक्का वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत आणि वर्षानुवर्षं बेल देत आल्या आहेत. मुलीच्या लग्नात नवरानवरीची गाडी चालवायला आबा स्वतः बसले होते. नवरी रडली, अक्का रडल्या, शेजारपाजारच्या बायका रडल्या, रडून रडून सगळ्यांचे पदर ओले झाले, तरी गाडी जागची हलेना. वरपक्षाला वाटलं, बापाचा पाय निघत नाही. तेही डोळे पुसू लागले. शेवटी अक्कांनी नाक पुसत दारावर दोनदा बोटाची पेरं वाजवली आणि गाडी झोकात निघाली.

तशा त्यांच्या आणखी तऱ्हा आहेत. कॉलनीचं वळण आलं की पायी चालतानाही ते तोंडानं हळूच "पों" करतात. चपला काढल्या की त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवतात, म्हणजे निघताना वळवायला नकोत. मी बोलण्याच्या भरात जरा वेगात सुटलो की हात खाली दाबत म्हणतात, "फर्स्टमा ल्या सर, चढ शे." माझ्या बोलण्यात चढ कुठून आला हे मला आजवर कळलेलं नाही, पण मी निमूटपणे फर्स्टमध्ये घेतो.

आता थोडं माझ्याविषयी, कारण पुढच्या सगळ्या घोटाळ्यात माझा सिंहाचा वाटा आहे. माझ्याकडे एक ड्रिल मशीन आहे. हे वाक्य मी ओळख झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत कुणालाही सांगतो. मशीन मी मोबाईलवरून मागवलं, आणि आल्यापासून त्यानं घरात एकच भोक पाडलं आहे, कॅलेंडरसाठी. भोक एवढं मोठं पडलं की खिळा आतच राहायला गेला. सध्या ते कॅलेंडर त्याच भोकासमोर दुसऱ्या खिळ्यावर टांगलं आहे. "भिंतीला खिडकी पाडून हवी असेल तर आमच्या ह्यांना सांगा," असं माझी बायको संध्या पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात, मीही हसतो, पण मशीन विकत नाही.

तर चैत्रातल्या एका सकाळी आबा आमच्या दारात आले. काखेत केळीचं रिकामं खोकं. रिकामं असं मला वाटलं. त्यांनी ते टेबलावर उघडलं तर आत नुसत्या गाड्या. बोटाएवढ्या, वीतभर, पत्र्याच्या, लोखंडी ओतीव, प्लास्टिकच्या. ट्रक, टँकर, ट्रॅक्टर, जीप, रोडरोलर. मुक्कामी गाडी घेऊन आबा ज्या ज्या गावी राहिले, तिथल्या बाजारातून, जत्रेतून एकेक गाडी त्यांनी जमवलेली. "ही बोदवडनी, ही पहूरनी," असं सांगत त्यांनी त्या टेबलावर मांडल्या, सगळ्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला. त्यात एक पत्र्याची बस होती. मूळची निळी असावी, कारण आबांनी दिलेल्या लाल रंगाखालून ती अजून डोकावत होती.

"सर, तुमनी मशीन कामनी शे, का नुसती शोभानी?" आबांनी विचारलं.

हा घाव वर्मी बसला. मी मशीन काढलं.

आबांना भिंतीवर टांगायची शोकेस करायची होती, ह्या गाड्यांसाठी. पण स्वतःच्या भिंतीवर नाही. सोनगीरला, पितांबरनानांच्या भिंतीवर. पितांबरनाना म्हणजे आबांचे कंडक्टर. दोघांनी इतकी वर्षं एका गाडीवर काढली की डेपोत त्यांची नावं एका दमात घेतली जायची, आणि इतकी वर्षं ते भांडले की त्यांची भांडणंही डेपोत सगळ्यांना पाठ झाली होती. नानांचं एक पेटंट वाक्य होतं: "गाडी चालाडानं सोडीसन तुले काय येस रे, भिकन?" आबांना चहा करता येत नाही, विडा लावता येत नाही, पत्त्यांत तर काहीच येत नाही, यावर नाना वर्षभर बोलायचे आणि अखाजीला ते सिद्ध करून दाखवायचे. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि बाप्ये दिवसभर पत्ते कुटतात. त्या दिवशी पत्त्यांना कुणी नावं ठेवत नाही. आबा दर अखाजीला सोनगीरला जायचे, हरायचे आणि शिव्या देत परत यायचे.

मागच्या वर्षी अखाजीच्या आधी नानांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात शाबूत राहिला. तेव्हा त्यांची खाट खिडकीशी होती आणि खिडकीतून हायवे दिसायचा. मुंबईहून आग्र्याकडे जाणारं सगळं जग त्यांच्या समोरून जायचं आणि एसटी दिसली की डावा हात वर व्हायचा. मग मधल्या मोकळ्या जागेत शेजाऱ्यांचं दुमजली घर उभं राहिलं. त्यात कुणाचा दोष नाही, ज्याची जागा त्यानं बांधली. पण हायवे गेला. तेव्हापासून नानांनी कूस बदलली ती भिंतीकडे तोंड करून. हात वर करणं सोडाच, ते हलवेनात. परवा त्यांच्या मुलाचा, गोकुळचा फोन आला होता: आबा, डॉक्टर म्हणतात हा हात वापरला नाही तर हाही जाईल, पण बाबांना आता कशातच गोडी उरलेली नाही, तुम्ही एकदा येऊन जा.

"तो भीतच देखस ना?" आबा मला म्हणाले. "देखू द्या. भीतवरच लाई देऊ. मले काही येत नही म्हने! आते त्याना डोयासमोर टांगसू, रोज देख म्हनसू."

बोलताना ते चांगलेच तावात आले होते. सूड म्हणून शोकेस करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग खोकं बंद करताना ते एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "सर, भीतकडे तोंड करीसन लायेल गाडी लवकर निंघत नही." आणि अखाजीच्या आत काम झालं पाहिजे, असं बजावून फाटकात जाऊन उभे राहिले. मी कडी दोनदा वाजवली.

"ही बेल नही, भांडं पडनं," ते वळून म्हणाले. "पितांबरनी बेल न्यारी व्हती." पण निघाले.

दुसऱ्या दिवशी मी आराखडा केला. भूगोलाचा माणूस असल्यानं आराखड्याला प्रमाण दिलं, सूची दिली आणि उजव्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला. आबांनी तो कागद बराच वेळ न्याहाळला. "झकास शे," ते म्हणाले. "पन सर, उत्तरले कसाले जानं शे?"

तीन आडवे कप्पे ठरले. वरच्या आणि खालच्या कप्प्यात लहान लहान खण, एकेका गाडीसाठी. मधला कप्पा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, कारण तो हायवे. मी काचेचा विषय काढला. जळगावची धूळ काय चीज आहे हे मी पुस्तक न उघडता शिकवू शकतो, सोनगीरला तर बाजूला हायवे. पण आबा ऐकेनात. "सर, काच ड्रायव्हरपुढे र्‍हास. कंडक्टरपुढे काच देखी का तुम्ही कधी?" मी खरंच देखी नव्हती. काच रद्द झाली.

मग उंची. मी आराखड्यात शोकेस उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर टांगली होती, सगळे टांगतात तशी. आबांनी मान हलवली, टोपी काढून ठेवली आणि आमच्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून चक्क आडवे झाले. उजवा हात त्यांनी अंगाखाली दाबून धरला, तो गेलेला हात म्हणून.

"पेन्सिल ल्या सर. मी पितांबर शे असं समजा. हां, खाले ल्या. आखो खाले. पुरं."

मी गुडघ्यावर बसून भिंतीवर खुणा करत होतो. तेवढ्यात संध्या चहा घेऊन आली. तिला दिसलं ते असं, की आबा निपचित पडलेले आहेत आणि मी त्यांच्या बाजूला भिंतीवर काहीतरी लिहितो आहे. तिनं चहा जागच्या जागी ठेवला आणि कांदा फोडून आबांच्या नाकाशी धरायला धावत आली. आबांनी डोळे मिटलेलेच ठेवून सांगितलं, "ताई, थांबा. अजून खालना कप्पा बाकी शे."

कांदा वाया गेला नाही, दुपारच्या भाजीत पडला. पण उंचीची ती खूण आमच्या भिंतीवर अजून आहे. "हाई शोकेस पडेल मानूसकरता शे सर," आबा उठता उठता म्हणाले होते. "उभा मानूस कोठेबी जाईसन देखी लेस." मी पुसायला घेतलं की संध्या म्हणते राहू द्या.

आता प्रत्यक्ष बांधकाम. इथे वाचकांनी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. वैशाखाच्या तोंडावर जळगावात सुतारकाम करणं म्हणजे तव्यावर बसून स्वेटर विणण्यासारखं आहे. सकाळी लवकर गच्चीवर सुरुवात करायची आणि ऊन चढायच्या आत पळायचं. गोंद लावून फळी जुळवेपर्यंत गोंद वाळलेला. फळी जुळली की मी वाकडा. आबा प्लायवुडवर हात मारून "बॉडी चांगली शे" म्हणायचे, पण करवत हातात आली की त्यांची रेघ बोदवडला निघून भुसावळला पोहोचायची. त्यांना गाडी चालवणं सोडून खरंच काही येत नव्हतं, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. मला गाडी चालवणंही धड येत नाही, म्हणून मी गप्प राहिलो. आणि प्रत्येक वेळी ड्रिल सुरू करण्याआधी ते थांबायचे. मी पान्यानं पाण्याच्या टाकीवर दोनदा वाजवायचो. "जमनं नही," म्हणत ते मान डोलवायचे आणि मगच फळी धरायचे.

रंगकाम मी मागून घेतलं. नकाशात पक्का रस्ता लाल रंगानं दाखवतात म्हणून मधला कप्पा लालभडक रंगवला. आबांनी लाल बस त्याच्यावर ठेवली. बस दिसेनाशी झाली. ते बस कुठे गेली हे शोधल्यासारखं करत राहिले. मी कप्पा काळा केला, मधून पांढरे पट्टे ओढले.

पण माझी खरी कामगिरी पुढेच आहे. कप्पे सरळ बसले की नाही हे पाहायला गवंड्याकडे बुडबुड्याची पट्टी असते. ती माझ्याकडे नव्हती, पण माझ्या मोबाईलमध्ये होती. मोबाईल फळीवर पालथा नाही, उताणा ठेवायचा, बुडबुडा मध्यावर आला की फळी सरळ. मी प्रत्येक कप्पा अशा आधुनिक पद्धतीनं बसवला आणि आबांना विज्ञानाची प्रगती समजावून सांगितली. ते "फर्स्टमा ल्या" म्हणाले, मी ऐकलं नाही. मोबाईलच्या पाठीला एका टोकाशी कॅमेऱ्याचं टेंगूळ असतं आणि त्यावर तो तिरका बसतो, ही गोष्ट माझ्या लक्षात यायची होती.

अखाजीच्या आदल्या दिवशी शोकेस आमच्या हॉलच्या भिंतीला टेकवून उभी केली. संध्या आली, सुमनअक्का आल्या. आबांनी हायवेवर गाड्या लावल्या. ट्रकमागे टँकर, टँकरमागे जीप, डाव्या टोकाला लाल बस. एक पाऊल मागे सरकून त्यांनी कमरेवर हात ठेवले.

आणि सगळ्या गाड्या आपोआप निघाल्या. हळूहळू, एकामागे एक, शिस्तीत, डावीकडून उजवीकडे. आधी टँकरनं ट्रकला ढकललं, मग जीपनं टँकरला, आणि शेवटी सगळ्या उजव्या कडेच्या फळीशी जाऊन गठ्ठ्यानं थांबल्या. बस मागून येऊन त्यांना टेकली.

आबांनी आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"बेल कोन्ही दिधी?" त्यांनी विचारलं.

सुमनअक्का पदर तोंडात घालून स्वयंपाकघरात पळाल्या. संध्याला तर बसावंच लागलं. मी मोबाईल उलटा करून त्याच्या टेंगळाकडे पाहत राहिलो. सगळे कप्पे उखडून नव्याने लावावे लागणार होते, आणि उद्या अखाजी. मी तसं कबूल केलं. आवाज जरा जास्तच दुःखी निघाला असावा, कारण आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"र्‍हाऊ द्या सर. घाट शे," ते म्हणाले. मग बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेची खडी चाळत बसले आणि मूठभर बारके खडे घेऊन आले. घाटात गाडी उभी केली की चाकाखाली दगड लावायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत. आबांनी एकेका गाडीच्या चाकाखाली हरभऱ्याएवढा खडा लावला. एकही गाडी हलली नाही. माझी लाज त्या खड्यांवर निभावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून शोकेस ठेवली. अक्कांनी सांजोऱ्यांचा डबा दिला आणि बॉनेटवर दोनदा थाप मारली. आबा माझ्या शेजारी बसले. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाला शेजारी बसवून गाडी चालवणं काय असतं, ते परीक्षकासमोर पेपर लिहिणाऱ्यालाच कळेल. त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी पारोळ्यापर्यंत त्यांनी तो दाबून दाबून गाडीचा तळ खाली नेला. माझ्याकडे मात्र एकदाही वाईट नजरेनं पाहिलं नाही. धुळ्यानंतर हायवेला लागलो. शिरपूरकडून एक एसटी समोरून आली, तिच्या ड्रायव्हरला त्यांनी हात केला. त्यानं केला नाही. आबांनी हात हळूच मांडीवर ठेवला.

सोनगीरच्या किल्ल्याची टेकडी दिसली तशी ते म्हणाले, "सर, तो वळखी नही तर?"

मी म्हटलं, "आबा, फर्स्टमध्ये घ्या."

गोकुळ दारातच उभा होता. गावात झोके बांधलेले, पोरींची गाणी चाललेली, समोरच्या ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगलेला. आतल्या खोलीत मात्र काहीच नव्हतं. खिडकीतून शेजारच्या घराची नवीकोरी भिंत दिसत होती आणि लोखंडी खाटेवर पितांबरनाना दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लहान दिसत होते.

"ए कंडक्टर!" आबा दारातूनच गरजले. "भिकनले काही येत नही ना? देख आते!"

नाना हलले नाहीत.

आबांनी खाट जराशी ओढली आणि खाट अन् भिंत यांच्या मधल्या जागेत आम्ही दोघं कसेबसे घुसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझं मशीन कुणाच्या तरी कामी येत होतं. भोकं पडली. चांगली पडली, असं मी म्हणणार होतो, पण गिलाव्याचा एक पोपडा सुटून नानांच्या पांघरुणावर पडला. आबांनी तो पोपडा उचलून स्वतःच्या खिशात टाकला. शोकेस टांगली गेली. खाली, पडेल मानूसकरता, बरोबर त्या उंचीवर.

मग आबांनी खोकं उघडलं आणि एकेक गाडी तिच्या खणात लावू लागले. लावताना बोलत होते, माझ्याशी नाही. "ही बोदवडनी. तठे तुले ताप उना व्हता, मी रातभर जागा व्हतो, सांगं का कधी? नही सांगं. ही पहूरनी, जत्रामा तू घासाघीस करी करी लिधी. ही तूच दिधी, म्हने भिकन, हाई तरी येळवर पोचाड." मी ऐकत होतो आणि मला कळत होतं की ही सगळी गाड्यांची जमवाजमव एकट्याची नव्हतीच. गोकुळ दाराशी उभा होता. खोकं रिकामं झालं. आबांनी स्वतःसाठी एकही गाडी मागे ठेवली नव्हती.

शेवटी लाल बस. ती त्यांनी हायवेच्या डाव्या टोकाला लावली, चाकाखाली खडा ठेवला, आणि खड्यावर बोट टेकवून उभे राहिले.

"कंडक्टर, गाडी लागेल शे," ते म्हणाले. "बेल दे."

नाना समोर पाहत होते. शोकेसकडे की भिंतीकडे, सांगता येत नव्हतं. बाहेर झोक्यावरच्या पोरी हसत होत्या. आबा वाकून उभे, बोट खड्यावर. मला ते बघवेना. बाजूला स्टुलावर पाण्याचा पेला होता, मी चमचा उचलून वाजवायला गेलो. इतके दिवस माझी बेल चालली होती, आणखी एकदा चालेल, असं मला वाटलं.

"तुम्ही नका सर," आबा मागे न बघता म्हणाले.

मी चमचा खाली ठेवला.

मग खाटेच्या दांडीवर नानांची बोटं हलली. डाव्या हाताच्या बोटात तांब्याची अंगठी होती. ती उचलली गेली आणि दांडीवर पडली.

टण.

एक बेल म्हणजे थांब. आबांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती, आणि ती पाठ तशीच थांबून राहिली. गोकुळनं दाराची चौकट धरली.

टण.

आबांनी खडा काढून माझ्या हाती दिला. आणि माझ्या हातून आयुष्यात झालेल्या सगळ्यात मोठ्या चुकीवरून ती लाल बस आपोआप निघाली. कुणी ढकलली नाही, कुणी ओढली नाही. डावीकडून उजवीकडे, पांढऱ्या पट्ट्यांवरून, हळूहळू, आणि तिच्यामागे पितांबरनानांचे डोळे. डोळ्यांमागून मान. मला रडू फुटलं. ड्रिलची धूळ गेली म्हणून मी डोळे चोळले, पण गोकुळही चोळत होता आणि त्यानं तर ड्रिल धरलंच नव्हतं.

बस उजव्या टोकाला टेकणार, तेवढ्यात दांडीवर एकच ठोका पडला. टण. आबांनी चटकन बोट आडवं घालून बस थांबवली.

"सर," ते पाठमोरेच म्हणाले, "दगड द्या. सोनगीरना स्टॉप उना."

मी दगड दिला.